मगदूम मॅडमचे सात ठिपके

तुम्ही कधी कुणाचा सत्कार करून त्याचं नुकसान केलं आहे का? घाईने 'नाही' म्हणू नका. शाल अंगावर पडली, नारळ हातात आला, टाळ्या झाल्या, फोटो निघाला आणि दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाची वाट बंद झाली, असं तुमच्या डोळ्यांदेखत कधीच झालं नाही? माझ्या डोळ्यांदेखत झालं. त्या सत्काराला कारण झालेलं पत्रक मी लिहिलं होतं.

सत्कार झाला त्रिशला मगदूम यांचा. आम्हाला बी.एस्सी.ला त्या भौतिकशास्त्र शिकवायच्या. कॉलेज खटाव तालुक्यातलं. त्याचं नाव मी लिहीत नाही. भीती वाटते म्हणून नव्हे. नाव लिहिलं की वाचणारा सुटतो, 'आमच्याकडे असं नाही' म्हणतो आणि पान उलटतो.

मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: जेवढे तास शिकवाल तेवढ्यांचंच मानधन, सुट्टीत काही नाही, आणि दर जूनमध्ये पुन्हा मुलाखत, जणू तुम्हाला याआधी कुणी पाहिलेलंच नाही. मॅडमनी एकाच टेबलापुढे सहा वेळा आपलं नाव सांगितलं होतं. सहाव्या वेळी प्राचार्यांनी विचारलं, "याआधी कुठे शिकवत होता?" मॅडम म्हणाल्या, "वरच्या मजल्यावर."

त्यांचं घर सांगलीजवळच्या एका गावात. जैन कुटुंब, वडिलांचं सांगलीत हळदीचं छोटं दुकान. आठवडाभर त्या आमच्या गावात एका खोलीत राहायच्या आणि शुक्रवारी दुपारच्या एसटीने विट्यावरून घरी जायच्या. ठेंगण्या, भराभर चालणाऱ्या. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी ग्राफपेपरची गुंडाळी. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा घरचा नेम त्यांनी कधी मोडला नाही. हिवाळ्यात शेवटचा तास सुटला की त्या प्रयोगशाळेतच डबा उघडायच्या. जिचा सगळा जीव आकाशात, ती बाई नऊला झोपते याचं आम्हाला भारी हसू यायचं. एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलंच, "मॅडम, तुम्ही तारे बघता तरी कधी?"

"दुपारी," मॅडम म्हणाल्या. "मी बघते ते क्ष-किरण. ते हवेतून खाली येत नाहीत, म्हणून त्यांची दुर्बीण वर अवकाशात सोडावी लागते. ती फिरत असते, बघत असते आणि बघितलेलं खाली पाठवत असते. ठरावीक मुदत झाली की ते सगळ्यांना खुलं होतं. अमेरिकेतल्या प्रोफेसराला जे मिळतं तेच मला इथे माळावर बसून मिळतं. फक्त त्याचं इंटरनेट बरं असतं."

या शेवटच्या वाक्यावर बबनमामा हसले. बबनमामा आमच्या प्रयोगशाळेचे अटेंडंट. मूळचे कोयनानगरकडचे, फौजेतून निवृत्त होऊन आलेले. मॅडमच्या संगणकाची केबल उंदरांनी कुरतडली की ती जोडायची, लाईट गेली की जुनी बॅटरी लावायची, ही कामं त्यांना कुणी सांगितली नव्हती. त्यांनी ती आपणहून घेतली होती.

मॅडमचा आवडता शब्द होता, 'अजून नाही.' झालं का, कळलं का, सापडलं का, कशालाही उत्तर तेच. आम्ही जर्नलमध्ये 'यावरून सिद्ध होते की' असं लिहिलं की त्या 'सिद्ध' खोडून 'दिसते' करायच्या. माझ्यासारखीला हे फार जड जायचं. माझं लहानपण पत्रकांत गेलं. वडील एका चळवळीचे कार्यकर्ते. आमच्या कपाटात कपड्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते आणि मी अक्षरं गिरवली तीही त्यांच्या कोऱ्या पाठीवर. पत्रकात 'दिसते' नसतं. पत्रकात 'आहे' असतं, 'झालेच पाहिजे' असतं.

एकदा कोयनेकडच्या भूकंपाचा एक धक्का आमच्यापर्यंत पोचला. प्रॅक्टिकल चालू होतं. कपाटातली भिंगं किणकिणली, पंखा झुलला आणि आम्ही जिन्याने खाली पळालो. मॅडम सगळ्यांत शेवटी उतरल्या. पटांगणात आम्हाला एकदा मोजलं, पुन्हा मोजलं, आणि मग जर्नलची पाठ काढून त्यावर दोन रकाने आखले. एक 'पाहिलं', दुसरा 'वाटलं'.

"आता सांगा. कुणी काय पाहिलं?"

कुणी पंखा म्हणालं, कुणी लंबक. एक मैत्रीण म्हणाली, मला चक्कर आल्यासारखं झालं.

"ते दुसऱ्या रकान्यात," मॅडम म्हणाल्या.

बबनमामा शेजारी उभे होते. "आवं मॅडम, जीव वाचवायचा का रकानं भरायचं?"

"जीव वाचलाय, मामा. आता रकाने."

"आमच्या कोयनंला असं रकानं भराय लागलं, तर माणसं रानात कवा जायची?" मामा म्हणाले. पण पंख्याची नोंद त्यांनीच बरोबर सांगितली: आधी पूर्व-पश्चिम, मग गोल.

त्या काय शोधत होत्या हे आम्हाला तिसऱ्या वर्षी कळलं. मी त्यांच्याकडे प्रकल्प घेतला होता. पडद्यावर एक काळं चौकोनी चित्र होतं आणि मधोमध पांढऱ्या ठिपक्यांचा एक पुंजका. एवढंच.

"ह्यात काय हाय?" बबनमामांनी विचारलं.

मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. मामांना समजावलं की कुणालाही समजतं, असा त्यांचा हिशेब असावा. म्हणाल्या, "आपला सूर्य जसा एक तारा, तसे अब्जावधी तारे एकत्र असले की त्याला दीर्घिका म्हणायचं. मोठ्या दीर्घिकेच्या अगदी मध्यात एक प्रचंड कृष्णविवर असतं. त्यातून प्रकाशसुद्धा बाहेर पडत नाही."

"मग दिसतं कसं?"

"ते नाहीच दिसत. पण आसपासचा वायू त्याच्याकडे कोसळायला लागला की तो भयंकर तापतो आणि त्यातून क्ष-किरण निघतात. ते दिसतात."

मामा पडद्याकडे वाकले. "म्हंजे पंगत दिसती. जेवणारा न्हाई."

"अगदी बरोबर. आता दोन दीर्घिका एकमेकींत शिरतात, तेव्हा दोघींचा वायू ढवळून निघतो आणि मध्याकडे पडतो. पण धूळही इतकी उडते की साध्या दुर्बिणीला आतलं काही दिसत नाही. क्ष-किरण धुळीतून पार येतात. म्हणून ही दुर्बीण. अशा गर्दीत दोन कृष्णविवरं शेजारी शेजारी, दोन्ही एकाच वेळी जेवताना सापडणं फार दुर्मीळ. पुढे कधीतरी ती दोन्ही मिळून एक होणार. त्याआधी ती सापडली, तर हे मीलन कसं होतं ते कळेल."

"आनि तुमाला घावली?"

मॅडमनी पडद्याला बोट लावलं. मोठ्या पुंजक्याच्या अगदी कडेला सुटे ठिपके होते. मी मोजले. सात.

"यातला एकेक ठिपका म्हणजे क्ष-किरणाचा एकेक कण. दुर्बिणीनं कित्येक तास टक लावून बघितलं, तेव्हा इथे सात कण आले. हे सात मोठ्या पुंजक्यातूनच इकडे सांडलेत, की इथे खरंच दुसरं काही आहे, एवढाच प्रश्न आहे. सध्या हा फक्त उमेदवार आहे."

"कुठल्या वार्डातनं?" मामा म्हणाले. मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. त्यांना तेवढं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

सात ठिपक्यांवर त्यांनी दीड वर्ष घातलं होतं. सगळं आधी हाताने, ग्राफपेपरवर काढायचं, मग संगणकावर ताडून बघायचं, अशी त्यांची पद्धत. आम्हाला त्यातली अडचण कळावी म्हणून त्यांनी एकदा पावशेर मोहरी आणली. पुठ्ठ्याच्या आडून त्या कधी एका कागदी नळीतून, कधी शेजारी धरलेल्या दोन नळ्यांतून पांढऱ्या कागदावर थोडी मोहरी सोडायच्या. आम्ही फक्त कागद बघून सांगायचं, नळी एक होती की दोन. आम्ही बहुतेक वेळा दोन म्हणालो. सगळ्यांत मोठ्याने मी. पुठ्ठा बाजूला केला की बहुतेक वेळा नळी एकच निघायची.

"माणसाला दोन दिसायची हौस असते," मॅडम म्हणाल्या. "एकात गोष्ट नसते ना."

हे मला तेव्हा समजलं असतं तर पुढचं काही लिहावं लागलं नसतं.

फेब्रुवारीत मी प्रकल्पाचा कच्चा मसुदा दाखवायला गेले. मॅडमच्या पुढ्यात नवा ग्राफपेपर होता. त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत होत्या. मग माझ्याशी नव्हे, कागदाशी बोलावं तसं म्हणाल्या, "बहुतेक दोन आहेत गं."

एवढंच. तीन वर्षांत त्या पहिल्यांदा 'अजून नाही' म्हणाल्या नव्हत्या. त्यातलं 'बहुतेक' माझ्या कानांपर्यंत पोचलंच नाही.

त्याच सुमारास स्टाफरूममध्ये बोलणं चाललं होतं की जूनमध्ये भौतिकशास्त्राचे तास कमी होणार आणि मगदूम मॅडमना घेणार नाहीत. ग्रंथपाल मला म्हणाले, "तुझ्या मॅडमचं काही खरं नाही बघ." मी घरी गेले आणि मला जे येतं ते केलं. पत्रक लिहिलं. वर ठळक अक्षरांत: 'खटावच्या माळावरून दोन कृष्णविवरांचा शोध.' खाली: 'जगाने दखल घ्यावी असं काम करणारी शिक्षिका तासिका तत्त्वावर का? कॉलेज प्रशासनाने उत्तर द्यावे.' वडिलांनी वाचून मान हलवली. म्हणाले, "चांगलं जमलंय. छापून घे." मॅडमना दाखवावं असं माझ्या मनातही आलं नाही. ज्याच्यासाठी लढायचं त्याला विचारून कोण लढतं, अशा घरात मी वाढले होते.

पत्रकं एसटी स्टँडवर, आठवडी बाजारात आणि कॉलेजच्या फाटकात वाटली. मला वाटलं होतं, प्रशासन अडचणीत येईल. प्रशासन अडचणीत आलं नाही. प्रशासनाला आनंद झाला. दोन दिवसांत स्टँडसमोर फ्लेक्स लागला. वर संस्थेचे अध्यक्ष, सचिव आणि प्राचार्य, खाली कोपऱ्यात मॅडमचा ओळखपत्रावरचा फोटो. 'आमच्या महाविद्यालयाची गगनभरारी.' तासिका तत्त्वाचा उल्लेख अर्थातच नव्हता. पत्रकातली पहिली ओळ त्यांनी घेतली, दुसरी सोडली.

मॅडमनी तो फ्लेक्स सोमवारी एसटीतून उतरताना पाहिला. माझ्यावर त्या रागावल्या नाहीत. पत्रक मागून घेतलं, वाचलं, घडी घालून पिशवीत ठेवलं. म्हणाल्या, "तुझ्या पत्रकात 'बहुतेक' बसत नाही, नाही का?"

मग माझ्यापुढे ग्राफपेपर पसरला. शनिवारी-रविवारी घरी बसून त्यांनी सगळं पहिल्यापासून पुन्हा काढलं होतं. त्या दुर्बिणीच्या आरशात एक बारीक दोष आहे. कुठलाही तेजस्वी ठिपका बघितला की त्याच्या एका बाजूला, अगदी जवळ, थोडे कण सांडतात. कोणत्या बाजूला, ते दुर्बीण त्या वेळी किती अंशांत वळलेली होती यावर ठरतं. हे मॅडमना आधीपासून माहीत होतं. त्यांनी बाजू काढलीही होती आणि ती सात ठिपक्यांच्या बरोबर विरुद्ध आली होती, म्हणूनच त्या दिवशी तोंडून 'बहुतेक' निघालं.

"चूक झाली," मॅडम म्हणाल्या. "जमिनीच्या नकाशात पूर्व उजवीकडे असते. आकाशाच्या नकाशात ती डावीकडे असते, कारण आपण खालून वर बघतो. हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. आणि हाताने काढताना मी पूर्व उजवीकडे धरली. आता बरोबर काढलं. आरशाचं सांडणं आणि माझे सात ठिपके एकाच बाजूला येतात."

"म्हणजे दुसरं कृष्णविवर नाही?"

"तसंही नाही. आरसा सांडेल फार तर तीन-चार कण. इथे सात आहेत. पण तीन-चार आणि सात यांत फरक करायला सात फार थोडे पडतात." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "याला एकच उपाय आहे. दुर्बीण वेगळ्या अंशात वळलेली असताना पुन्हा बघायचं. ठिपके दुर्बिणीबरोबर फिरले तर ते आरशाचे. जागच्या जागी राहिले तर ते आकाशाचे."

इतकं सरळ. एक वाक्य, एक चाचणी. त्यासाठी दुर्बिणीचा वेळ मागायचा अर्ज वर्षातून एकदा करता येतो. पुण्यातल्या एका संस्थेतला तरुण संशोधक त्यांच्याबरोबर अर्ज करायला तयार होता. फक्त अर्जातल्या प्रत्येकाला, वेळ मिळाल्यावर जबाबदारी घेणारी आपली संस्था दाखवावी लागते, म्हणून मॅडमना कॉलेजचं पत्र हवं होतं.

त्या लगेच प्राचार्यांकडे गेल्या. अर्ध्या तासाने परत आल्या. बबनमामांनी विचारलं, "काय म्हनलं सायेब?"

"फ्लेक्सवाल्याशी बोलत होते. म्हणाले, सत्कार झाल्यावर या."

सत्कार गुरुवारी होता. मंडप, फेटे, तुतारी. जिल्ह्याहून एक पुढारी अध्यक्ष म्हणून आले होते. त्यांनी भाषणात कृष्णविवरांचं वय, वजन आणि तालुक्याचा पाणीप्रश्न एकाच दमात घेतला. मग मॅडमच्या अंगावर शाल पडली आणि त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं.

माईक उंच होता. तो खाली करेपर्यंत मंडपात शांतता झाली. मॅडम म्हणाल्या, "मला एक दुरुस्ती करायची आहे. दोन कृष्णविवरं सापडलेली नाहीत. मला सात ठिपके सापडले आहेत. ते कशाचे आहेत हे मला सांगता येत नाही."

 मग सूत्रसंचालक पुढे झाले. "हा आहे मॅडमचा विनय!" मंडपाने टाळ्यांचा कडकडाट केला. पुढाऱ्यांनी कौतुकाने मान डोलावली. फोटोग्राफरने चार फोटो काढले.

मॅडम माईकपासून हलल्या नाहीत. टाळ्या थांबेपर्यंत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "विनय नाही. चूक आहे. माझी चूक." आणि पूर्व-पश्चिमेची सगळी गोष्ट सांगितली, जशी वर्गात सांगायच्या तशी, हाताने हवेत नकाशा काढून.

यावेळी टाळ्या पडल्या नाहीत. माझ्या मागच्या खुर्चीवरचा एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "म्हंजे सापडलं न्हाई व्हय?"

"न्हाई म्हनत्यात."

"मग फेटं कशापायी बांधलं रं?"

मी खाली बघत बसले. मला उठून सांगता आलं असतं की चूक मॅडमची नाही, पत्रक माझं आहे. मंडपात तीनशे माणसं होती. पत्रकाखाली मी वडिलांच्या संघटनेचं नाव घातलं होतं, स्वतःचं नव्हे. मी उठले नाही.

पुढच्या आठवड्यात मॅडम पत्रासाठी पुन्हा गेल्या. मी दाराबाहेर होते, सगळं ऐकू येत होतं.

"मॅडम, तुम्ही आमचं हसं केलंत. मला आधी सांगायला हवं होतंत."

"सर, सोमवारी आले होते."

"बरं, ते जाऊ द्या. आता हे पत्र. दिलं, आणि पुन्हा काही नाही निघालं तर?"

"नाही निघालं तर तेही उत्तरच आहे, सर. प्रश्न मिटेल."

"तुमचा मिटेल. मूल्यांकन समितीला आम्ही काय दाखवायचं? नाही निघालं असं दाखवायचं?" प्राचार्यांचा आवाज चढला नव्हता. ते दुष्ट नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं की 'नाही' शोधायला कुणी पत्र का मागेल. "तुम्ही दोन आहेत असं लिहून द्या, मी आत्ता सही करतो."

 मग मॅडम बाहेर आल्या. पत्राचा मसुदा त्यांच्या हातात तसाच होता.

मी म्हटलं, "लिहून द्या ना. नंतर बदलता येईल." होय, मी असं म्हणाले. सगळ्या चळवळीची शपथ घेणारी मी.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि त्या वर्गात गेल्या. आमचा उष्णगतिकीचा तास होता. तो त्यांनी पूर्ण घेतला.

अर्जाची तारीख निघून गेली. जूनमध्ये यादी लागली, त्यात त्यांचं नाव नव्हतं. खोली रिकामी करताना बबनमामा त्यांची पुस्तकं पोत्यात भरून स्टँडवर घेऊन गेले. कंडक्टर पोत्याचं तिकीट मागायला लागला तेव्हा मामा त्याला म्हणाले, "आवं, कागद हाय त्यो. धान्य आसतं तर काय बोललो नसतो." मॅडम खिडकीत बसल्या.  गाडी सुटली.

मी आणखी एक पत्रक लिहायला घेतलं होतं. चार ओळींत थांबले. काय मागायचं? हे कॉलेज नियमाबाहेर काही वागलं नव्हतं. तासिका तत्त्वावरच्या माणसाला काढत नाहीत. फक्त पुन्हा घेत नाहीत. ज्याच्याविरुद्ध घोषणा द्यावी असं समोर कुणी उभंच नव्हतं.

यंदा जानेवारीत मी सांगलीला गेले. मॅडम आता एका क्लासमध्ये शिकवतात, प्रवेशपरीक्षांच्या. दोन तासांच्या मधल्या सुट्टीत जिन्याखालच्या बाकावर आम्ही बसलो. शेजारच्या टपरीवरून त्यांनी मला चहा मागवला, स्वतः पाणी प्यायल्या. वडिलांचं दुकान आता भाऊ बघतो म्हणाल्या. बबनमामांची चौकशी केली. मी सात ठिपक्यांचं विचारलं.

पुण्यातल्या त्या संशोधकाची मुदत संपली होती. तो परदेशी गेला, दुसऱ्या कामाला लागला. त्याला दोष नाही, मॅडम दोनदा म्हणाल्या. आता अर्ज करायचा तर त्यांनी एकट्यानेच, आणि नावापुढची संस्थेची जागा रिकामी. क्लासच्या मालकांना विचारून पाहिलं होतं. ते म्हणाले, मॅडम, आपला निकाल बारावीचा, आकाशाचा नाही.

"आणि दुर्बीणही म्हातारी झाली गं," मॅडम म्हणाल्या. "कितीतरी वर्षं फिरतेय. कधी बंद पडेल सांगता येत नाही. इतकं बारीक बघू शकणारी दुसरी आज वर नाही. ती गेली की हा प्रश्न तसाच राहणार. एक की दोन, कुणालाच कळणार नाही."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग?"

मी या लेखाचा कच्चा खर्डा नेला होता. वाचून दाखवला. पत्रक कुणी लिहिलं हे यावेळी सही करून लिहिलंय, हे सांगितलं. त्यांनी लाल पेन मागून घेतलं, तीन ठिकाणी 'शोध' खोडला आणि वर 'शंका' लिहिलं. पुढाऱ्यांबद्दलचं एक वाक्य काढायला लावलं. बाकी ठेव, म्हणाल्या.

घंटा झाली. त्या आत गेल्या. काचेच्या दारातून मला दिसत होतं. लांबलचक खोली, दीड-दोनशे मुलं मांडीवर पॅड घेऊन दाटीवाटीने बसलेली. मॅडमनी फळ्यावर गणित मांडलं, खाली चार पर्याय लिहिले. पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली, बहुधा तिला शंका होती. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. मग तिला बसायची खूण केली, तिसऱ्या पर्यायाभोवती गोल काढला आणि फळा पुसायला घेतला.

वाचकहो, मला तुमच्याकडून एक पान हवं आहे. तुम्ही एखाद्या कॉलेजात प्राचार्य असाल, संस्थेच्या मंडळावर असाल, किंवा तसं कुणी तुमच्या ओळखीचं असेल, तर श्रीमती त्रिशला मगदूम यांना मानद संशोधक म्हणून आपल्या संस्थेशी जोडून घ्या आणि तसं लेटरहेडवर लिहून, सही-शिक्क्यानिशी, या मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. त्यांना पगार नको, खोली नको, संगणकही नको. अर्जाची खिडकी वसंतात उघडते आणि थोडेच दिवस उघडी असते, म्हणून हे महिन्याभरात करा. आणि पत्रात त्यांना काही सापडलं आहे असं लिहू नका. त्या पाहत आहेत, एवढंच लिहा.